तीन रंगांत बोलणारी जहाजं आणि मार्था कॉस्टनचा धंदा

दिवसा जहाजांचं बरं चालायचं. डोलकाठीवर ठरावीक क्रमाने झेंडे चढवायचे; समोरच्या जहाजावरचा माणूस दुर्बिणीतून ते वाचणार, संकेतपुस्तक उघडणार आणि अर्थ लावणार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत चांगली घोटून तयार झाली होती. सूर्य मावळला की मात्र सगळं ठप्प. कंदील वेगवेगळ्या मांडणीने टांगायचे, तोफेचे बार काढायचे, नाहीतर एखादं रॉकेट उडवायचं, एवढंच हाताशी होतं. कंदील लांबून मिणमिणतो. दोन कंदिलांमधलं अंतर दूरवरून कळत नाही, आणि जहाज डोलायला लागलं की वरचा कोणता नि खालचा कोणता तेही समजत नाही. तोफेचा आवाज पोहोचतो, पण त्यातून सांगण्यासारखं फार थोडं असतं. तारायंत्र आलं होतं, पण चालत्या जहाजाला तार जोडणार कशी? आणि बिनतारी संदेशाला अजून अर्धं शतक अवकाश होता.

अमेरिकेतल्या मार्था कॉस्टन या बाईने याच अडचणीतून एक कारखाना उभा केला. तिची गोष्ट बहुतेक वेळा अशी सांगतात: नवरा वारला, त्याच्या कागदांत एक शोध सापडला, तिने तो विकला आणि नाव कमावलं. गोष्ट ऐकायला छान आहे. फक्त तिच्यात मधली दहा वर्षं गायब आहेत. मला विचाराल तर या व्यवहारात सगळ्यात स्वस्त होता तो कागद. महाग पडलं ते त्यानंतरचं.

मार्था जेन हंट १८२६ मध्ये बाल्टिमोरला जन्मली आणि फिलाडेल्फियात वाढली. अगदी कोवळ्या वयात तिने घरच्यांना न सांगता बेंजामिन फ्रँकलिन कॉस्टनशी लग्न केलं. बेंजामिन हुशार होता. वॉशिंग्टनला नौदलाच्या प्रयोगशाळेत तो रॉकेटं आणि तोफेची बत्ती यांवर काम करायचा. तोफेच्या बत्तीच्या शोधाचे पैसे आणि श्रेय यांवरून त्याचं नौदलाशी बिनसलं, आणि १८४७ मध्ये नोकरी सोडून तो बोस्टनच्या गॅस कंपनीत गेला. आधी प्रयोगशाळेतली रसायनं, मग गॅस. दोन्हींचा धूर छातीत गेला आणि १८४८ च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला. मार्था तेव्हा एकवीस वर्षांची होती, पदरात चार मुलं. पुढच्या दोनेक वर्षांत तिची आई गेली, आणि मुलांतही मृत्यूने हात घातला. शिल्लक पैसा संपत आला.

नवऱ्याच्या कागदपत्रांत तिला रात्रीच्या रंगीत संकेतांचा आराखडा मिळाला. आराखडाच, कृती नव्हे. काही नमुने नौदलाने समुद्रावर नेऊन जाळून पाहिले, तर ते निकामी निघाले. कल्पना मात्र उत्तम आहे, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. उद्योग करणाऱ्याला हे वाक्य फार ओळखीचं असतं. ते ऐकून पोट भरत नाही आणि नादही सोडवत नाही. मार्थाने नाद धरला.

नेमकं काय बनवायचं होतं ते पाहू, म्हणजे दहा वर्षं का लागली ते कळेल. एक, उजेड इतका प्रखर हवा की काही मैलांवरून दिसावा. दुसरं, तो क्षणभर चमकून विझता कामा नये; समोरच्याने पाहून, ओळखून, लिहून घेईपर्यंत टिकायला हवा. रंग इतके वेगळे हवेत की धुक्यात, पावसात, दमलेल्या खलाशाच्या डोळ्यांनाही एकाचा दुसरा वाटू नये. शिवाय हे सगळं जहाजाच्या खारट, दमट कोठारात महिनोन्‌महिने पडून राहिल्यावर पहिल्याच फटक्यात पेटलं पाहिजे. यातली कुठलीही एक अट पाळणं सोपं आहे. चारही एकदम पाळायच्या म्हणजे डोकेदुखी, कारण एक सुधारली की दुसरी बिघडते. प्रखर करायला जाल तर लवकर जळून संपतं. सावकाश जळावं म्हणून काही मिसळाल तर रंग फिका पडतो.

मार्थाला रसायनशास्त्राचं शिक्षण नव्हतं. तिने रसायनं जाणणारी माणसं कामाला लावली, त्यांच्याकडून मिश्रणं करून घेतली, जाळून पाहिली, नाकारली आणि पुन्हा करून घेतली. आज आपण याला प्रकल्प चालवणं म्हणू. तेव्हा त्याला नाव नव्हतं, आणि बाई ते करतेय म्हटल्यावर मानही नव्हता. पुढे १८८६ मध्ये तिने आत्मचरित्र लिहिलं. बायकांशी अदबीने वागणारे पुरुष, बाई त्यांच्या धंद्यात स्पर्धेला उतरली की कसे बदलतात, हे तिने त्यात चांगलंच सुनावलं आहे.

आता रंग. दिवाळीत हिरव्या उजेडाची रंगीत काडी पेटवली असेल, तर मार्थाच्या कामाचा मूळ भाग तुमच्या हातात होता. ज्योतीत कोणत्या धातूचा क्षार आहे त्यावर तिचा रंग ठरतो. स्ट्रॉन्शियमचा क्षार लाल देतो, बेरियमचा हिरवा. उष्णतेने त्या धातूच्या कणांना जादा ऊर्जा मिळते आणि ती परत सोडताना ते आपल्या ठरलेल्या रंगाचाच प्रकाश फेकतात. (याच बेरियमच्या क्षारांवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांपुरती बंदी घातली, कारण ते विषारी आहेत. त्यामुळे हिरव्या रंगाची अडचण आता शिवकाशीच्या कारखानदारांनाही कळली आहे.)

पांढरा आणि लाल मार्थाला जमले. तिसरा तिला निळा हवा होता, कारण लाल, पांढरा, निळा हे तिच्या देशाच्या झेंड्याचे रंग. पण निळा काही केल्या येईना. दोष तिचा नव्हता. निळ्यासाठी तांब्याचा क्षार लागतो, आणि ज्या संयुगातून निळा प्रकाश येतो ते फार गरम ज्योतीत मोडून जातं. ज्योत गरम ठेवली तर रंग पांढुरका होतो. थंड ठेवली तर रंग येतो पण उजेड जातो. शोभेच्या दारूचं काम करणारे आजही चांगल्या निळ्यासाठी झुरतात. त्यात हवेतले अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखरून टाकतात आणि लाल पुढे जाऊ देतात, म्हणून तर मावळता सूर्य लाल दिसतो. म्हणजे निळा साधला असता तरी लांबून पाहणाऱ्याच्या वाट्याला तो लालपेक्षा कमीच आला असता.

सुटका झाली ती एका मिरवणुकीतून. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली तार टाकून झाली आणि न्यूयॉर्कने जंगी आतषबाजी केली. इतकी जंगी की तिच्या ठिणग्यांनी सिटी हॉलचा घुमट जळाला. ती रोषणाई पाहून मार्थाच्या डोक्यात आलं की आपल्याला प्रयोगशाळेतला माणूस नको, दारूकाम करणारा हवा. तिने अशा कारखान्यांना पत्रं धाडली, तीही पुरुषाचं नाव लावून. बाईच्या पत्राला उत्तर येईल याची खात्री नव्हती. मागितला होता निळा. हाती आला झगझगीत हिरवा. तिने तो घेतला आणि झेंड्याचा हट्ट सोडला. ज्या तारेसाठी एवढा जल्लोष झाला, ती काही आठवड्यांतच बंद पडली. हिरवा रंग मात्र कामाला लागला.

तीन रंगांत बोलायचं कसं? मला या सगळ्यातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

एका नळीत एकच रंग भरला तर तीन खुणा मिळतात: पांढरा, लाल, हिरवा. एकाच नळीत दोन रंगांचे थर दाबून भरले, म्हणजे आधी एक जळेल आणि संपल्यावर दुसरा, तर आणखी सहा मिळतात. पांढऱ्यानंतर लाल ही एक खूण, लालनंतर पांढरा ही वेगळी; क्रमाला अर्थ आहे. एकाच रंगाचे दोन थर लागोपाठ ठेवून उपयोग नाही, लांबून तो एकच लांबलेला उजेड दिसेल. इथवर झाल्या नऊ. तीन थर केले, शेजारच्या थरांचा रंग वेगळा ठेवला, तर आणखी बारा जमतात. म्हणजे एका हातात मावणाऱ्या नळीतून एकवीस वेगवेगळ्या खुणा करता येतात.

कॉस्टन पद्धतीने त्यांतल्या बाराच वापरल्या. शून्य ते नऊ हे दहा अंक, आणि ‘पी’ व ‘ए’ ही दोन अक्षरं. ‘पी’ म्हणजे तयार राहा, संदेश येतोय; ‘ए’ म्हणजे पाहिलं, समजलं. एकवीस शक्य असताना बारांवर थांबण्यात शहाणपण आहे, कारण खुणा जितक्या जास्त तितकी चूक होण्याची शक्यता जास्त. आणि दहा अंक मिळाले की बाकी सगळं आपोआप मिळतं. नौदलाच्या संकेतपुस्तकात आदेशांना आणि वाक्यांना आकडे दिलेले असतात. समजा, ‘नांगर उचला’ला तीन आकडी क्रमांक आहे, तर एकामागून एक तीन नळ्या जाळायच्या, समोरचा पुस्तकात पाहणार. दिवसा झेंड्यांनी जो आकडा सांगायचा तोच रात्री उजेडाने. नौदलाला नवी भाषा शिकायची गरज नव्हती, आहे त्याच भाषेला रात्रीचा आवाज मिळाला. ही वस्तू विकली गेली त्यामागे रंगांइतकाच या सोयीचा हात आहे.

आणखी एक फायदा. नळ्या शत्रूच्या हाती लागल्या तरी पुस्तकाशिवाय त्याला आकडेच दिसणार. म्हणून ही पुस्तकं वजनदार आवरणात ठेवलेली असत. जहाज पकडलं जातंय असं दिसलं की सरळ समुद्रात टाकायची, तळाला जायला हवीत.

५ एप्रिल १८५९ ला पेटंट मिळालं, क्रमांक २३,५३६. त्यावर शोधक म्हणून नाव बेंजामिन कॉस्टनचं आहे. मार्थाचं नाव आहे ते मृत पतीच्या मिळकतीची व्यवस्थापक म्हणून. हे वाचून राग येतो, पण थोडं थांबून पाहिलं तर गुंता दिसतो. पेटंटच्या कायद्यात शोधकाचं नाव खरं द्यावं लागतं, आणि मूळ कल्पना त्याची होती हे मार्थाने कधी नाकारलं नाही. दुसरीकडे, अमेरिकेत तेव्हा लग्न झालेल्या बाईच्या मालमत्तेवर आणि करारांवर बहुतेक ठिकाणी नवऱ्याचा वरचष्मा असे. विधवेला मात्र स्वतःच्या सहीने व्यवहार करता येई. म्हणजे ज्या वैधव्याने तिला या कामात ढकललं, त्यानेच तिला करार करण्याचा हक्कही दिला. तिने पुन्हा लग्न केलं नाही. तरी अडगळीतल्या नोंदींपासून चालणाऱ्या वस्तूपर्यंतचं सगळं काम एका माणसाचं आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, हे उरतंच.

विक्री लगेच सुरू झाली. नौदलाच्या अधिकाऱ्यांनी चाचण्या घेतल्या, कॅप्टन मॅककॉली यांनी नौदलमंत्री आयझॅक टूसी यांच्याकडे शिफारस केली. आधी ३०० नळ्यांची मागणी आली, मग ६,००० डॉलर्सची. मार्थाने तेवढ्यावर समाधान मानलं नाही. इंग्लंड, फ्रान्स, इटली, डेन्मार्क, स्वीडन, हॉलंड अशा देशांत पेटंटं घेतली आणि स्वतः बोटीने युरोप गाठलं. कारण साधं होतं. लढाऊ जहाजांचे संकेत विकायचे तर गिऱ्हाईक एकच, सरकार. एकाच गिऱ्हाइकावर धंदा बेतला की भाव तो ठरवतो. आणखी चार सरकारं गाठीला असली तर निदान बोलायला जागा राहते.

हा धडा किती खरा होता ते १८६१ मध्ये कळलं. अमेरिकेत उत्तरेचं सरकार आणि फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं यांच्यात यादवी युद्ध पेटलं तशी ती मायदेशी परतली आणि थेट वॉशिंग्टनला गेली. लढाईसाठी माझं पेटंट विकत घ्या, किंमत ४०,००० डॉलर्स, असा अर्ज तिने काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे ठेवला. थोडी चालढकल झाली आणि ५ ऑगस्ट १८६१ ला कायदा मंजूर झाला: २०,००० डॉलर्स. निम्मे. तिने घेतले. नाही म्हणून करणार काय? युद्धकाळात आपल्याच नौदलाला अडवून धरणारी बाई अशी ख्याती कोणाला परवडते?

युद्धात या नळ्यांची खरी गरज कुठे होती, तर नाकेबंदीत. राष्ट्राध्यक्ष लिंकनने १९ एप्रिल १८६१ ला दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. साडेतीन हजार मैलांचा किनारा अडवायचा होता. दक्षिणेचा कापूस बाहेर जाऊ द्यायचा नाही, बंदुका आणि औषधं आत येऊ द्यायची नाहीत. नाकेबंदी फोडणारी जहाजं बुटकी, वेगवान, राखाडी रंगाची असत. अमावास्येच्या आसपासची रात्र गाठून, कमी धूर करणारा कोळसा जाळून, सगळे दिवे मालवून ती निसटत. पहारा देणाऱ्या एका जहाजाला असं सावट दिसलं तर काही क्षणांत बाकीच्यांना कळवायचं: कुठे, कोणत्या दिशेने. अंधारात एकमेकांवरच तोफा डागल्या जाऊ नयेत म्हणून आधी ओळखही पटवायची. ज्या कामाला कंदील पुरेनासे झाले होते, ते काम हे.

उजेडाचे संकेत सगळ्यांनाच दिसतात, हा त्यातला धोका. नाकेबंदी फोडण्यात तरबेज असलेल्या जॉन विल्किन्सन या दक्षिणी कप्तानाने लिहून ठेवलंय, की पहाऱ्याची जहाजं पळणाऱ्याच्या दिशेने रॉकेटं सोडतात हे ओळखून त्यानेही तशीच रॉकेटं मिळवली आणि आपल्या वाटेपासून बाजूला सोडायला सुरुवात केली. पाठलाग करणारे भलतीकडे धावत. नुसतं रॉकेट आणि आकडे बोलणारी नळी यांतला फरक इथे कळतो. रॉकेटची नक्कल सोपी असते. क्रमांक, आणि त्यामागचं पुस्तक, यांची नसते.

सर्वांत मोठी कसोटी १८६५ च्या जानेवारीत झाली. नॉर्थ कॅरोलायनातला फोर्ट फिशर म्हणजे विल्मिंग्टन बंदराच्या तोंडावरचा किल्ला, आणि विल्मिंग्टन ही दक्षिणेची शेवटची मोठी उघडी खिडकी. ॲडमिरल पोर्टर यांच्या हाताखाली साठेक जहाजं होती, किनाऱ्यावर उतरलेलं सैन्य वेगळं. १३ ते १५ जानेवारी असा तीन दिवस मारा झाला आणि किल्ला पडला. इतक्या जहाजांच्या हालचाली जुळवून घेण्यात कॉस्टनच्या उजेडाचा मोठा हात होता.

धंदा मात्र याच काळात तोट्यात चालला होता. सरकारने पेटंट घेतलं तरी नळ्या बनवून पुरवत होता तो मार्थाचाच कारखाना, ठरलेल्या भावाने. आणि युद्धाने भाव वर नेले. १८६२ पासून सरकारने सोन्याशी न जोडलेल्या कागदी नोटा छापल्या आणि महागाई भडकली. रसायनांवर तर दुहेरी ताण, कारण तोफांच्या दारूलाही तीच लागत. सोऱ्याचंच पाहा. बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक असलेला सोरा अमेरिकेला येत होता आपल्या बिहारमधून, कलकत्त्यामार्गे, ब्रिटिशांच्या हातून. १८६१ च्या अखेरीस बंदुकीची दारू बनवणाऱ्या अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीचा माणूस लंडनला सोरा उचलायला गेला, नेमकं त्याच सुमारास अमेरिकन नौदलाने एका ब्रिटिश बोटीवरून दक्षिणेचे दोन राजदूत उतरवून घेण्याचं प्रकरण पेटलं आणि ब्रिटनने निर्यात अडवली. भांडण मिटेपर्यंत माल सुटला नाही. अशा बाजारात ठरलेल्या भावाचा करार करून बसलेल्या उत्पादकाचं काय होतं, ते कोणत्याही ठेकेदाराला विचारा. मार्था प्रत्येक नळी उत्पादनखर्चाहून कमी दामात देत होती.

युद्ध संपल्यावर तिने हिशेब मांडला: सरकारकडून येणं १,२०,००० डॉलर्स. त्यासाठी ती दहा वर्षांहून अधिक काळ खेटे घालत राहिली. अर्ज, समित्या, सुनावण्या, पुन्हा अर्ज. शेवटी देऊ केले १५,००० डॉलर्स. नौदलाच्या अधिकाऱ्यांनी तिच्या वस्तूची तारीफ करायला कधी कमी केलं नाही, हेही खरं.

या काळात ती नुसती भांडत बसली नव्हती. १३ जून १८७१ ला तिला दुसरं पेटंट मिळालं, क्रमांक ११५,९३५, आणि या वेळी स्वतःच्या नावावर. मूठ पिळली की नळी पेटेल अशी ती रचना होती. वरवर किरकोळ सुधारणा. पण ओल्या हातांनी, सोसाट्याच्या वाऱ्यात, काडी ओढायची सोय नसताना उजेड करायचा असेल तर सगळी मदार पेटवण्यावरच असते. धंद्याच्या दृष्टीनेही वेळ अचूक होती. १८५९ च्या पेटंटची मूळ मुदत चौदा वर्षांची, म्हणजे १८७३ मध्ये ती संपणार होती. नव्या कायद्याने नव्या पेटंटला सतरा वर्षं मिळत होती.

पिळून पेटणारी नळी किनाऱ्यावर जास्त कामाला आली. अमेरिकेच्या जीवरक्षक सेवेच्या प्रत्येक ठाण्यावर कॉस्टनच्या नळ्या गेल्या. रात्री किनाऱ्याने गस्त घालणारा माणूस सोबत नळी घेऊनच निघायचा. एखादं जहाज चुकून उथळ पाण्याकडे येताना दिसलं की लाल उजेड करायचा: मागे फिर. जहाज आधीच फुटलं असेल तर तोच उजेड बुडणाऱ्यांना सांगे की कोणीतरी पाहिलंय. शत्रूला पकडण्यासाठी विकलेल्या वस्तूचं पुढचं आयुष्य असं गेलं. आजही समुद्रात जाणाऱ्या जहाजांच्या जीवरक्षक नौकांत हातात धरायच्या लाल फ्लेअर असतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्या किमान एक मिनिट, किमान १५,००० कँडेला तेजाने जळायला हव्यात आणि दहा सेकंद पाण्याखाली बुडवल्या तरी विझता कामा नयेत. मार्थाच्या अटींची यादी थोडी कडक करून कायद्यात घातल्यासारखी ती वाचायला वाटते.

युद्धनौकांवरचा तिचा मक्ता मात्र टिकणार नव्हता. ब्रिटिश नौदलाने १८६७ मध्येच दिवा झाकून-उघडून संदेश द्यायची फिलिप कोलंब यांची पद्धत स्वीकारली होती. तिला दर संदेशागणिक नळी जाळावी लागत नाही. अमेरिकन नौदलातल्याच एडवर्ड व्हेरी या अधिकाऱ्याने १८७७ मध्ये रंगीत तारे आकाशात उडवणारं पिस्तूल आणलं. मग बिनतारी आली. कॉस्टनच्या कारखान्याने तोवर गिऱ्हाईक बदललं होतं. मार्था १९०४ मध्ये गेली. मुलांनी आणि पुढच्यांनी चालवलेली तिची कंपनी नावं बदलत, आधी कॉस्टन सिग्नल आणि मग कॉस्टन सप्लाय म्हणून, निदान १९८५ पर्यंत माल विकत होती.